तीन इंची नळी

भिजवलेल्या वर्तमानपत्रांचा सातवा गठ्ठा तोफमास्तरांनी ड्रममधून उपसला, पाणी निथळेपर्यंत छातीशी धरला आणि बाकीच्या सहा गठ्ठ्यांमागे उभा केला. त्यामागे एक जाड फळी. सदरा पोटापर्यंत ओला झाला होता. सगळ्यात पुढच्या गठ्ठ्यावर त्यांनी कोटाचं जाड कापड ताणून टाचण्या लावल्या.

"एवढी रद्दी कशाला?" तपास अधिकारी भिंतीला टेकून उभा होता. "गोळी पहिल्या दोन-तीन गठ्ठ्यांतच अडकते. प्रयोगशाळेनं लिहून दिलंय."

"पहिले तीन गठ्ठे म्हणजे चोर, साहेब. पुढचे चार त्याच्या मागे उभं राहणाऱ्याचे."

अधिकारी हसला नाही. तोफमास्तरांच्या बोलण्यावर कोणी हसलं नाही, असं या शेडमध्ये अठ्ठावीस वर्षांत घडलं नव्हतं. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या कंपनीत पिस्तुलं पुसायची, तपासायची आणि रक्षकांच्या हाती द्यायची, हे त्यांचं काम. नाव मात्र तोंडामुळे पडलेलं. त्यांची एक गोळी म्हणे इतक्या निवांत निघाली होती, की वाटेत एका आजोबांनी तिला थांब म्हणून हात दाखवला आणि रस्ता ओलांडला. महिन्यातून एकदा तपासणीसाठी ते बँकेत गेले, की तिथल्या कॅशियरबाई काच सरकवून विचारायच्या, "आज काय मारलंत मास्तर, वाघ की थाप?"

त्या बाईंना जाऊन वीस दिवस झाले होते.

त्या दिवशी बँकेत शिरलेला चोर त्यांना दंडाला धरून तिजोरीकडे ओढत होता. दारावर रक्षक म्हणून तोफमास्तरांचा जावई होता. त्यानं समोरून गोळी झाडली. चोर अडखळला, रक्त सांडत मागच्या दारानं पळाला आणि अजून सापडला नव्हता. त्याच्या मागे असलेल्या बाई मात्र जागीच बसल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. त्यांच्या अंगातली गोळी हाडावर आपटून इतकी चेपली होती, की तिच्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

अटकेतला जावई सांगत होता, एकच गोळी झाडली. प्रयोगशाळा सांगत होती, या पोकळ तोंडाच्या गोळीचं तोंड अंगात शिरताच फुलासारखं उघडतं आणि ती तिथंच थांबते. चोराला लागलेली गोळी चोरासोबतच गेली. म्हणजे बाईंना लागली ती दुसरी. पिस्तुलात सात काडतुसं मावायची, सापडली पाच. जावई म्हणत होता, स्प्रिंग दमू नये म्हणून सहाच भरायची, हे सासऱ्यांनी शिकवलंय. अधिकाऱ्याला हे सगळं सोयीचं वाटत होतं. चोराला आतून साथ रक्षकाचीच होती, बाईंनी ओळखलं म्हणून त्यानं त्यांना संपवलं, असं त्याच्या कागदांत आकाराला येत होतं. उद्या ते कागद न्यायालयात जाणार होते.

सकाळी निघताना लेकीनं डबा हातात दिला होता. "बाबा, आज तरी थापा नका मारू हो."

तोफमास्तरांनी आधी जुनं, पाच इंची नळीचं पिस्तूल उचललं. प्रयोगशाळेनं वापरलं होतं तसलंच. बार झाला. वेग मोजणाऱ्या यंत्रावर आकडा उमटला, सेकंदाला तीनशे चाळीस मीटर. त्यांनी गठ्ठे एकेक करून उलगडले. तिसऱ्यात गोळी सापडली. तोंड उघडून सहा पाकळ्या बाहेर वळलेल्या. त्यांनी ती अधिकाऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"हेच तर म्हणतोय मी," अधिकारी म्हणाला.

मग त्यांनी नवे गठ्ठे लावले, नवं कापड टाचलं आणि दुसरं पिस्तूल घेतलं. जावयाकडे होतं तसलं, तीन इंची नळीचं. आकडा आला, दोनशे पंच्याण्णव.

"पंचेचाळीस कमी," अधिकारी म्हणाला. "मग ही आधीच थांबेल."

"बघा तुम्हीच."

अधिकाऱ्यानं बाह्या सरसावल्या. तिसरा गठ्ठा उलगडला. आरपार भोक. पाचवा. सातवा. गोळी मागच्या फळीत बोटभर रुतली होती. तोफमास्तरांनी ती कोरून काढली. तोंड मिटलेलं, पोकळीत कापडाचा बोळा दडपून बसलेला. बाकी खोक्यातून आत्ताच काढल्यासारखी.

"हळू गेलेली जास्त आत जाते?" अधिकाऱ्यानं विचारलं. "मास्तर, तुमच्याबद्दल ऐकलंय मी. गोळी हात दाखवल्यावर थांबते वगैरे."

"थाप असती तर याहून बरी रचली असती, साहेब. दारूला नळीत रेटायला जागा कमी मिळते, म्हणून वेग पडतो. वेग पडला की तोंड उघडत नाही. तोंड उघडलं नाही की अडायला काही उरत नाही." ते थांबले. "खोक्यावर लिहिलेलं सगळं लांब नळीचं असतं. पुन्हा झाडू?"

चार वेळा झाडून झालं. चारही वेळा गोळी फळीत. अधिकाऱ्यानं चारही गोळ्या पाकिटांत घातल्या, त्यांवर लिहिलं. त्याच्या आवाजातला हेका उतरला होता.

"एक गोळी, दोघं जण. जमतंय." मग त्यानं फाइलमधून एक पिवळट कागद काढला. "पण हे काय? दोन वर्षांपूर्वी आखूड पिस्तुलं आली, तेव्हाचं. 'पूर्वीचीच गोळी योग्य. चाचणी घेतली.' सही तुमची आहे."

लांब पिस्तूल बसल्यावर बरगडीत टोचतं, अशी रक्षकांची तक्रार होती. सगळ्यात मोठ्यानं जावई कुरकुरायचा. कागदावर सही केली त्या दिवशी नातवाचा वाढदिवस होता आणि घरी लवकर जायचं होतं.

तोफमास्तरांनी ओल्या सदऱ्याला हात पुसले, तरी ते ओलेच राहिले.

"यातलं काहीच तेव्हा दिसलं नव्हतं?"

"दिसलं असतं."

"म्हणजे?"

"घेतली असती तर."

ड्रमच्या काठावरून पाणी थेंबथेंब पडत होतं. चाचणी शस्त्रांच्या कोठारवाल्यानं घेतली होती, असं सांगता आलं असतं; तो वारला होता. तो काही उठून नाही म्हणायला येणार नव्हता.

"हे लिहू मी?" अधिकाऱ्यानं हळू आवाजात विचारलं.

"लिहा. नाहीतर हा जुना कागद खरा ठरेल आणि जावई खोटा."

त्यांनी सही केली. खालचा फराटा दोन वर्षांपूर्वीसारखाच आला.

लेक फाटकाशी उभी होती. तिच्यामागे पोलिसांची गाडी, दार उघडं.

"सुटेल तो," तोफमास्तर म्हणाले.

तिनं तोंडावर पदर दाबला आणि खूप वेळ तसाच ठेवला. मग तिची नजर गाडीकडे गेली. "आणि तुम्ही कुठं?"

"अगं, मोठ्या साहेबांनी बोलावलंय. त्यांच्या तोफेला म्हणे माझ्याशिवाय नेम सापडत नाही. लांब नळी आहे, वेळ लागेल."

लहानपणापासून तिनं त्यांची एकही थाप खपवून घेतली नव्हती. आता ती त्यांच्या भिजलेल्या सदऱ्याकडे, हातांकडे, वाट पाहणाऱ्या शिपायाकडे बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली आणि रिकामा डबा घेण्यासाठी हात पुढे केला.

त्यांनी डबा दिला. तो जड होता. सकाळपासून उघडलाच नव्हता.