‘सोपे गणित’ छापणारा शिक्का

मित्रांनो, मी कचेरीतला एक जुना रबरी शिक्का आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. माझी लाकडी मूठ घामाने काळी पडली आहे. पोटावर दोनच शब्द कोरलेले आहेत: सोपे गणित.

मला नवीन बनवून आणले तेव्हा माझे काय कौतुक झाले! शाळेत नववीपासून गणिताचे दोन प्रकार होते, अवघड आणि सोपे. आठवीला ज्याला साठाहून कमी गुण, त्याच्या अर्जावर मी. मुख्याध्यापक कारकुनाला म्हणायचे, "भाऊसाहेब, निकाल शंभर टक्के लागला पाहिजे. काठावरचे सगळे सोप्यात टाका." कारकून मला शाईच्या गादीवर दाबायचे आणि धपाधप अर्ज हातावेगळे करायचे. निकाल रंगीत खडूने फळ्यावर झळकायचा. सोपे गणित घेतले की इंजिनिअरिंगचे दार बंद होते, हे मात्र कुणी फळ्यावर लिहिले नाही.

एका वर्षी मोटार-पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या मुलीचा अर्ज आला. जळलेल्या मोटारीला तारेचे किती वेढे लागतील, हे ती बापाच्या दुकानात तोंडी सांगायची. परीक्षेतही तिने नुसती उत्तरे लिहिली, रीत लिहिलीच नाही. रीतीचे गुण कापले गेले आणि अठ्ठावन्न उरले. मी तिच्या नावाशेजारी उमटलो.

बारावीनंतर बापलेक कचेरीच्या खिडकीशी आले. इंजिनिअरिंग कॉलेजने मुलीचा अर्ज परत केला होता.

"साहेब, पोरीला गणितात पंच्याण्णव आहेत," बाप म्हणाला. "तरी घेत नाहीत म्हणजे काय?"

"सोप्यातले आहेत ना ते. तिकडे नाही चालत," कारकून म्हणाले.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं होतंत?"

चोर तो चोर, वर शिरजोर! मुलगी एवढेच म्हणाली, "मला तरी कुणी विचारलं होतं?" कारकून कागद चाळू लागले. मला माझीच चीड आली.

खडू न्यायला आलेल्या गणिताच्या बाईंनी हे ऐकले. त्यांनी तिला वर्षभर रोज शाळा सुटल्यावर बसवून अवघड गणित शिकवले, तिला बाहेरून परीक्षा द्यायला लावली. ती कॉलेजात गेली, पण वर्ष गेले ते गेलेच. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. अर्जविनंत्या करून करून त्यांनी वरिष्ठांना नियम बदलायला लावला. आता दहावीपर्यंत सगळ्यांना एकच गणित आहे. अकरावीला कुठले घ्यायचे ते मुलांनी स्वतः लिहायचे, आणि कुठल्या गणिताने कुठले शिक्षण घेता येते ते अर्जावरच छापलेले असते. मला खणात टाकले. मी सुटलो असे मला वाटले.

आज दुपारी खण अर्धा उघडा होता. मुख्याध्यापक कारकुनाला म्हणत होते, "पोरांना काय कळतंय? काठावरच्यांच्या गणिताच्या रकान्यात आपणच पेन्सिलीने ‘सोपे’ लिहून ठेवू. ती नुसती सही करतील." पहिले पाढे पंचावन्न! शिक्का नाही म्हणून पेन्सिल. गठ्ठ्यात सगळ्यात वर त्याच कारागिराच्या धाकट्या मुलीचा अर्ज आहे, आणि रकाना भरून झाला आहे.

मित्रांनो, उद्या हे अर्ज तुमच्या हातात येतील. सही करण्याआधी तो रकाना बघा. त्यात दुसऱ्याचे अक्षर दिसले तर खोडून टाका. खोडरबर नसेल, तर खणातून मला काढा आणि माझे रबर कापून घ्या.