दोराखालून, चौदा मिलिमीटर

माझ्या मावशीचा जबडा मागच्या वर्षी मोडला. जिने मोडला तिला सगळे हातोडी म्हणतात, आणि आज मावशी पुन्हा तिच्याशीच रिंगमध्ये उतरणार होती. जबड्यात दोन पट्ट्या आणि सहा स्क्रू. डॉक्टर म्हणाले होते, तिथेच परत ठोसा बसला तर बॉक्सिंग सोडाच, पोळीसुद्धा चावता येणार नाही.

हातोडीचा डावा हुक, म्हणजे बाजूने फिरवून मारलेला ठोसा, कधी येतो हे कुणालाच कळत नाही. आमच्या क्लबच्या कोच सरांनी जुन्या लढतीचा व्हिडिओ वीसदा पाहिला, पण ऐन वेळी पंचांची पाठ आडवी. मी म्हटलं, मी बघते. क्लबचे फोटो मीच काढते, मला कोण अडवणार!

लेन्स निवडायला दुकानात गेले तर दुकानवाले काका म्हणाले, ‘‘मारामारी ना? मग लांबची घे, पोरी. घाम मोजता येईल.’’ सरावाला ती लावून पाहिली. घाम दिसला, पण कमरेखाली काही नाही! ठोसा तर पायापासून निघतो, हे मला सरांनीच शिकवलंय. मग मी चौदा मिलिमीटरची अल्ट्रावाइड मागितली, खूप रुंद बघणारी लेन्स. पहिल्या दिवशी अख्खी रिंग आली आणि मावशी नि तिची सरावाची जोडीदार, दोघी मुंगीएवढ्या. सर हसले, ‘‘छान, मुंग्यांची लढत.’’ मग कळलं की या लेन्सला भीड चालत नाही, जवळ जावं लागतं. मी हनुवटी रिंगच्या कडेला टेकवली, कॅमेरा खालच्या दोराखालून मॅटवर ठेवला, आणि बूट पुढे एवढाले, मुठी वर, सगळं एका चौकटीत!

फोटो बघून मावशी किंचाळली, ‘‘माझं डोकं भोपळ्यासारखं का?’’

‘‘कडेला गेलं की ताणतं गं. मध्येच लढ.’’

‘‘हो, हातोडीला सांगते, बाई, जरा मध्ये घेऊन मार.’’

आणि आज लढतीची घंटा वाजली. पहिल्या वीस सेकंदांत मावशीची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. हातोडीने तिला दोरावर दाबलं आणि बरगड्यांवर धडाधड सुरू केलं, ओली गादी बडवावी तसा आवाज. मी बटण दाबून धरलं. मावशीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. डावा हुक आला, कानशिलावर बसला, जबडा दोन बोटांनी वाचला. ओरडावंसं वाटलं. पण ओरडले असते तर हात हलला असता, म्हणून दात आवळले आणि दाबत राहिले.

दुसऱ्या फेरीत दोघी सरळ माझ्या अंगावर आल्या. कॅमेऱ्यात त्या अजून चांगल्या चार पावलांवर होत्या. प्रत्यक्षात हातोडीचा बूट माझ्या नाकावर आला! डोळ्यांपुढे चांदण्या, तोंडात खारट. या लेन्समध्ये जवळचं लांब दिसतं हे मला पाठ होतं, पण पाठ असून काय उपयोग? नाक बाहीला पुसून परत हनुवटी टेकवली. वर मावशी गुडघ्यावर गेली होती. पंच आकडे मोजत होते. सातला ती उठली. पुन्हा हुक, या वेळी मानेवर. पुन्हा फोटो. आणखी एक हुक, खांद्यावर, त्याचाही फोटो.

घंटा. मधलं एक मिनिट. मावशी कोपऱ्यात स्टुलावर कोसळली, सर भुवई दाबत होते, आणि मी पालथ्या हाताने नाक दाबून फोटो मागेपुढे करत होते. हुक, हुकच्या आधीचा, त्याच्या आधीचा. पुढचा हुक, त्याच्या आधीचा. तिन्ही वेळा मुठी अगदी शहाण्यासारख्या वर. आणि खाली डावी टाच मॅटवरून सुटलेली!

‘‘मावशी! टाच! आधी डावी टाच उचलते, मग हुक!’’

‘‘दाखव.’’ तिने उरलेला एक डोळा पडद्याला लावला. ‘‘नक्की?’’

‘‘तीनपैकी तीन!’’

तिसऱ्या फेरीत मावशी हातोडीच्या तोंडाकडे बघेचना. नजर खाली, लाजल्यासारखी. लोक ओरडू लागले की ही संपली. हातोडीने डावी टाच उचलली. मावशी बसली, हुक केसांवरून गेला, आणि खालून तिचा उजवा हात हातोडीच्या हनुवटीवर असा गेला की दातरक्षक उडून माझ्या पुढ्यात पडलं, लाळेच्या तारेसकट. हातोडी आधी गुडघ्यांवर आली, मग गालावर. दहापर्यंत मोजून झालं तरी हलली नाही.

मावशीने तोंड उघडलं, मिटलं, जबडा डावीउजवीकडे फिरवला. शाबूत! मी दोराखालून आत शिरून तिला मिठीच मारली, दोघींचं रक्त एकमेकींना.

‘‘मी मार खात होते तेव्हा किती फोटो काढलेस?’’ तिने कानात विचारलं.

‘‘दोनशे बारा.’’ मी ऐटीत सांगितलं.

तिने मला बाजूला केलं. डॉक्टरांनी हातोडीला शुद्धीवर आणून स्टुलावर बसवलं, तशी मावशी तिच्याजवळ गेली, वाकली आणि म्हणाली, ‘‘डावी टाच. आधी उचलतेस.’’

मी उडालेच. ‘‘वेडी आहेस का? पुढच्या वेळी काय करणार?’’

‘‘पुढच्या वेळी तू कॅमेरा घरी ठेवून खुर्चीवर बसायचंस,’’ मावशी म्हणाली. ‘‘आणि मला लागलं की ओरडायचंस.’’