सासऱ्यांचा कोट

माझ्या सासऱ्यांच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असतो, पण त्याच नाकावर आमचं घर चाललं. दुकान चिनी औषधी मुळ्यांचं. त्यातली चुआनशिओंग नावाची गाठाळ, उग्र मुळी ते मोडून हुंगायचे आणि निकाल द्यायचे: ठेवा, नाहीतर न्या. गेल्या महिन्यात त्यांनी आलेलं प्रत्येक पोतं परत पाठवलं. "मुळीत जीव नाही," म्हणाले. मी नोकरी करते त्या वासांच्या प्रयोगशाळेत तिचं तेल काढून पाहिलं, तर जीव भरपूर होता.

ते ऐकून ते मटकन खाली बसले. "म्हणजे माझंच नाक मेलं. पाटी उतरवा." आणि तडक नणंदेकडे राहायला गेले.

दोन आठवड्यांनी मी त्यांना ओढूनताणून प्रयोगशाळेत आणलं. आमच्या मशीनमध्ये तेलाचा थेंब एका लांबलचक बारीक नळीतून तापत जातो आणि त्यातले वास सुटे होऊन एकामागून एक बाहेर पडतात. अर्धा वाटा कागदावरच्या आलेखात टोक उमटवतो, अर्धा काचेच्या नरसाळ्यातून नाकाशी येतो. वास आला की बटण दाबायचं. इतकी वर्षं मी हे काम करतेय, तरी दर वेळी थक्क होते. एका वाळक्या मुळीच्या पोटात केवढं बिऱ्हाड!

सासऱ्यांनी लिंबासारखा वास ओळखला, लाकडासारखा ओळखला. नाक जिवंत होतं! मग मुळीच्या वासाचा खरा धनी आला, लिगस्टिलाइड नावाचं द्रव्य. कागदावर भलंमोठं टोक चढलं. त्यांचं बोट हललंच नाही.

"बघ," ते हळूच म्हणाले. मला रडू आलं.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं. प्रत्येक वासाआधी ते स्वतःची बाही हुंगत होते. वासाच्या धंद्यातल्या सगळ्यांनाच ही खोड, मलाही आहे. आपलाच वास घेतला की नाक कोरं होतं. पण त्यांच्या अंगात दुकानातला कोट होता. सासूबाई तो दर आठवड्याला धुवायच्या. त्या गेल्यापासून कोटाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी बाही नाकाशी धरली. आत अख्खं पोतं होतं. त्याच वासानं भरलेल्या नाकाला तोच वास वेगळा कळणार कसा?

"बाबा, कोट काढा."

"नाही."

"काढा म्हणते ना!"

त्यांनी सावकाश बटणं सोडली. मी त्यांना हातपाय धुवायला लावले, माझा धुतलेला पांढरा कोट चढवला, मोकळ्या हवेत फिरवून आणलं आणि दुपारी पुन्हा नरसाळ्याशी बसवलं.

कागदावर टोक चढू लागलं. त्यांनी बटण दाबलं आणि सोडलंच नाही. डोळे मिटलेले, तोंड उघडं. जन्मभर जी मुळी विकली, तिचा हा एकटा, निखळ वास ते पहिल्यांदाच घेत होते. मी श्वाससुद्धा हळू घेतला.

"सूनबाई," शेवटी बटण सोडून ते म्हणाले, "लग्न होऊन आलीस तेव्हा दारातच नाक मुरडलं होतंस. मला वाटलं, पोरगी नाकानं कांदे सोलणारी आहे. हाच वास होता का?"

"हाच."

"तुझ्या सासूनंही मुरडलं होतं." त्यांनी खुर्चीवरचा कोट उचलला, क्षणभर पोटाशी धरला आणि माझ्या हातात दिला. "धुऊन टाक. आणि पाटी उतरवली नाही ना?"