सत्तावन्न नंबरचा माल

सुरतजवळच्या उधन्यातली ती कापड गिरणी शहाण्णव साली बंद झाली आणि यंत्रांचा लिलाव ठरला. यादी करायला आलेल्या योगराजने वर्कशॉपमागे उभी असलेली वस्तू पाहिली, तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि वहीत लिहिलं, 'भंगार, अंदाजे चारशे किलो.'

"भंगार नाही ते साहेब," शेजारी उभा असलेला बुद्धभूषण म्हणाला. "शिल्प आहे. मी केलंय."

बुद्धभूषण गिरणीत एकवीस वर्षं वेल्डर होता. जुन्या बॉयलरचा पत्रा कापताना एकदा एक तुकडा तापून वाकला. तो बाक त्याला इतका आवडला, की त्याने तुकडा बाजूला ठेवून दिला. पुढे चार वर्षं, मालकाला विचारून, जेवणाच्या सुट्टीत तो त्यात भर घालत गेला. आता तीन वाकलेले पत्रे एकमेकांना एकाच जागी टेकून आठ फूट उंच उभे होते. कितीही ढकला, हलत नव्हते.

"पण आहे काय हे? मोर? बाई?"

"कशासारखंच नाही. नुसतं बघायचं."

"यादीत काय लिहू मग?"

"लोखंडी शिल्प लिहा. नंबर वेगळा द्या."

योगराजने मालकाकडे पाहिलं. गिरणी विकताना भूपेंद्रभाई पार खचले होते, पण हे ऐकून त्यांना कितीतरी दिवसांनी हसू आलं. लोखंड गिरणीचं, तेव्हा वजनाचा भाव गिरणीला आणि त्यावर येईल ते बुद्धभूषणचं, असं तिथंच ठरलं. शिल्पाला सत्तावन्न नंबर पडला.

हातात दहा दिवस होते. बुद्धभूषणने फोटो काढून घेतले आणि सायकलवरून अठवा लाइन्सच्या आर्किटेक्टांची ऑफिसं पालथी घातली. सहा जणांनी दारातूनच परत पाठवलं. सातव्या होत्या नूतनबेन. त्यांनी फोटो खिडकीपाशी नेऊन निरखले आणि लिलावाची तारीख लिहून घेतली.

"एकच बाई येणार," घरी त्याची बायको चंद्रभागा म्हणाली. "तिनं नाही घेतलं तर?"

"दुसरं कुणी घेईल. चार वर्षं रोज बघतोय मी ते. मला कंटाळा नाही आला, तर लोकांना कसा येईल?"

लिलावाच्या दिवशी मागांची शेड भंगारवाल्यांनी भरली होती. दुपारपर्यंत मागांचे सगळे संच गेले. सत्तावन्न नंबर पुकारायच्या आधी बुद्धभूषण टेबलापाशी गेला.

"एक अट वाचून दाखवा साहेब. घेणाऱ्याने हे कापायचं नाही."

योगराज आवाज खाली आणून म्हणाला, "इथं बसलेत ते सगळे कापणारेच आहेत. भाव पडेल तुझा."

"पडू दे. वाचा."

भूपेंद्रभाईंनी मान डोलावली. अट वाचली गेली, तसे निम्मे लोक चहाला उठून गेले.

"पाच हजार," नूतनबेन म्हणाल्या.

योगराज पुकारू लागला, "पाच हजार एक वार. पाच हजार दोन वार..."

"सहा," मागून आवाज आला.

धुडकूशेठ होते. अमळनेरकडून येऊन त्यांना सुरतेत तीस वर्षं झाली होती आणि सकाळपासूनचे निम्मे माग त्यांनीच घेतले होते. सगळ्यांनी वळून पाहिलं. नूतनबेननी आठ केले, शेठनी दहा. बारा, पंधरा, अठरा. चहाला गेलेले लोक पेले हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले. एकवीस हजारांवर नूतनबेननी क्षणभर शिल्पाकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. तीन वार झाले. माल धुडकूशेठचा.

बुद्धभूषण सरळ त्यांच्याकडे गेला. "शेठ, अट ऐकली ना?"

"ऐकी. मन्हं गोदाम कोनलेच सापडत नही," शेठ शांतपणे आपल्या अहिराणीत म्हणाले. "आते सांगसू, ते उभं लोखंड दिसनं का तठेच वळा." मग ते मराठीत म्हणाले, "आणि खरं सांगू का? सकाळपासून चार वेळा येऊन बघून गेलो. कापावंसं वाटलं नाही. असं मला कधी होत नाही."

बुद्धभूषणने हात पुढे केला. शेठनी तो दोन्ही हातांत धरला.

नूतनबेन बाजूला थांबल्या होत्या. "भाई, असंच दुसरं बनवाल? घोडदौड रोडला एका इमारतीचं अंगण आहे माझ्याकडे."

"असंच नाही होणार. दुसरं होईल."

"कसं दिसेल?"

"अंगण बघू द्या आधी. सावली कुठून कुठे सरकते ते बघितलं, की सांगतो."

"उद्या सकाळी या."

"उन्हं वर यायच्या आधी येतो," बुद्धभूषण म्हणाला आणि साखळी कुठे बांधायची ते हमालांना दाखवायला ट्रककडे गेला.