शेवटचं प्रकरण माझ्या पोटात

“झाकण असं बसलं पाहिजे, की मुंगी आली तरी तिनं दार वाजवून परत जावं!”

माझ्या कानांवर पडलेले हे पहिले शब्द. बोलणारा होता पत्र्याचं काम करणारा एक म्हातारा कारागीर. तोंडात खिळे धरून तो बोलायचा, त्यामुळे त्याचा प्रत्येक शब्द ठोकून बसवल्यासारखा वाटायचा. त्यानं मला कापलं, वाकवलं, माझ्या कडा दुमडल्या, कडी बसवली आणि झाकण लावून वर एक थाप मारली. ती थाप मला शाबासकीसारखी लागली.

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पेटी आहे. मला तोंड आहे, पण दुसऱ्यानं उघडल्याशिवाय ते उघडत नाही. माझ्या आयुष्याचं सारं दुखणं या एका वाक्यात आलं. तरी सविस्तर सांगते, कारण माझ्या पोटात जे कोंडलं गेलं, ते तुमच्यापैकी कुणी तरी उद्या दुसऱ्या कुठल्या पेटीत कोंडेल अशी मला धास्ती आहे.

एका मोठ्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीत माझी पहिली नोकरी लागली. रुग्णांच्या सदऱ्यांची बटणं आणि पायजम्यांच्या नाड्या माझ्या ताब्यात होत्या. लॉन्ड्री म्हणजे वाफेचं गाव. एका बाजूला गरगरणारी धुलाईयंत्रं, मधे कपडे सुकवणारी मोठाली पिंपं, आणि टोकाला तो गरम रोलर. ओलसर चादर एका बाजूनं आत शिरायची आणि दुसऱ्या बाजूनं कडक, पांढरी होऊन बाहेर यायची. एकदा उंदरांनी कपाटातल्या सगळ्या पिशव्या कुरतडल्या, पण माझ्यातली नाडीसुद्धा हलली नाही. तेव्हा मुकादम म्हणाले होते, “बघा, पेटी असावी तर अशी!” मी कितीतरी दिवस त्या वाक्यावर जगले.

मग प्लास्टिकचे रंगीत डबे आले. मला टेबलाखाली सारलं गेलं. येणारा-जाणारा माझ्यावर पाय टेकून बुटाची नाडी बांधायचा. ज्या पेटीनं नाड्या सांभाळल्या, तिच्यावर पाय देऊन नाड्या बांधाव्यात! पण रडणार कुठं आणि सांगणार कुणाला?

मला तिथून बाहेर काढलं ते धाकटीनं.

धाकटी आणि थोरली. लॉन्ड्रीत दोघींना याच नावांनी हाक मारत. थोरली नणंद, धाकटी भावजय. दोघी चादरींच्या घड्या घालायच्या. समोरासमोर उभं राहून चादरीची दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, मग चालत येऊन टोकाला टोक मिळवायचं. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या दोघी फेर धरून नाचताहेत. तोंडं मात्र सारखी चालू.

“अगं, ताण जरा! जेवली नाहीस का?” थोरली म्हणायची.

“जेवले की. तुमचे टोमणे खाऊन पोट भरलंय, ताई.”

“मग ढेकर दे आणि चादर धर.”

धाकटीला गाण्याचं वेड होतं. काम करता करता ती ओळीला ओळ जुळवायची. तिचं एक गाणं साऱ्या लॉन्ड्रीच्या ओठांवर होतं:

*धुते चादर मी बाई, डाग पाण्यात वाहू दे,*
*हिच्यावरी जो निजला, त्याला घरी गं जाऊ दे.*

इस्पितळाचा वार्षिक अंक निघाला, तेव्हा त्यात हे गाणं छापून आलं. खाली नाव होतं भांडारबाबूचं. साबण आणि सोडा मोजून देणारा माणूस तो. रोज येता-जाता त्यानं ते ऐकलं होतं. अंक हातात घेऊन सगळ्या डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. धाकटीनं एकदा तोंड उघडलं, तर तो हसत म्हणाला, “वहिनी, गाणं काय, वाऱ्यावरचं असतं. ज्यानं कागदावर उतरवलं त्याचं.” ज्याच्या हाती ससा तो पारधी! त्या दिवशी घडीच्या टेबलाशी धाकटीच्या हातून चादरीचं टोक पुन्हा पुन्हा सुटत होतं, आणि मी टेबलाखालून ते बघत होते.

त्यानंतर धाकटी पुस्तक लिहू लागली. पहिलंच पुस्तक. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं आणि पेन दुसऱ्या हातानं. गोष्ट एका लहान मुलीची होती. तिची आई देवाघरी गेलेली, आणि मागं उरलेली आईची एक लांबच लांब चादर. मुलगी ती धुते, वाळवते, पण घडी काही घालता येत नाही. एका माणसाचे हात पुरत नाहीत. मग चादर खांद्यावर टाकून ती दारोदार फिरते आणि म्हणते, “दुसरं टोक धराल का?” घड्याळं दुरुस्त करणारा, भिंती रंगवणारा, पत्रं वाटणारी, प्रत्येक दाराशी एक गोष्ट आणि एक गाणं. पण सगळ्यांचे हात कामात गुंतलेले.

प्रत्येक प्रकरण धाकटी थोरलीला घडी घालताना ऐकवायची. थोरली कधीच चांगलं म्हणाली नाही. “एवढं काय त्यात? चादर जमिनीवर पसरून घालायची घडी!” असं म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न तिचाच असायचा, “मग? रंगाऱ्यानं धरलं का टोक?”

फक्त शेवटचं प्रकरण धाकटीनं तिला ऐकवलं नाही. ते कुणालाच ऐकवलं नाही. एके दिवशी तिनं मला टेबलाखालून काढलं, पुसलं, नवं कुलूप आणलं, आणि शेवटच्या प्रकरणाची पानं माझ्यात ठेवली. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात गेली.

“बाकीचं पुस्तक पाठवीन प्रकाशकांकडं,” ती म्हणाली, “पण शेवट नाही. शेवटाशिवाय कुणी चोरून चोरून काय चोरणार?”

“त्याची एक झेरॉक्स तरी काढून ठेव.”

“झेरॉक्सवाल्याचे डोळे बघितलेत का, ताई? पान यंत्रात घालायच्या आधी वाचतो तो.”

“तो बिचारा पानं मोजतो गं!”

“आज मोजेल, उद्या छापेल.”

मित्रांनो, मला तेव्हा काय अभिमान वाटला म्हणून सांगू! बटणं गेली, नाड्या गेल्या, आणि माझ्या पोटात पुस्तकाचा शेवट आला. पण तो अभिमान थोड्याच दिवसांत घशाशी आला. कारण धाकटीनं एक चूक केली, आणि ती चूक लॉन्ड्रीतली बाईच करू शकते.

पानांना धूळ लागू नये म्हणून तिनं रोलरमधून नुकताच निघालेला उशीचा एक अभ्रा घेतला. गरम, कडक, दुधासारखा पांढरा. त्यात पानं गुंडाळून तिनं मला बंद केलं आणि वाफेच्या पाइपाशेजारच्या फळीवर ठेवलं, उबेला. नव्या मुलींना हीच धाकटी दिवसातून कितीदा ओरडायची, “अगं, वाफ जाऊ दे आधी, मग घडी घाल! गरम म्हणजे कोरडं नव्हे!” चादरींच्या बाबतीत जे तिला झोपेतही आठवायचं, ते स्वतःच्या पानांच्या बाबतीत आठवलं नाही. आठवड्यातून एकदा ती मला उघडून बघायची, आतला अभ्रा न सोडता पानं वरून चाचपायची, आणि त्यावरचा अभ्रा बदलून पुन्हा ताजा, गरम गुंडाळायची. रविवारी पाइप थंड पडायचा. मला आतून घाम फुटायचा. थेंब झाकणावरून घसरत खाली जायचे आणि मी काहीच करू शकत नव्हते. मुंगीला परत पाठवणारं झाकण वाफेलाही बाहेर सोडत नव्हतं. हीच माझी कारागिरी, आणि याच कारागिरीचा मला इतका संताप यायचा की एकदा तरी गंज चढून बिजागरी तुटावी असं वाटायचं. पण कामात चोख असलेल्या वस्तूला हवं तेव्हा मोडताही येत नाही.

तिकडं पुस्तक गावोगाव हिंडून परत यायचं. एकानं कळवलं, कथा मधेच तुटते. दुसऱ्यानं विचारलं, काही पानं गहाळ आहेत का? तिसऱ्यानं तर लिहिलं, लेखिकेला शेवट सुचलेला दिसत नाही.

“सुचलेला दिसत नाही म्हणे!” धाकटी अशी कडाडली, की रोलरवरची मुलगी दचकली. “इथं कुलपात आहे शेवट!”

“मग कुलूप त्यांना दिसणार कसं?” थोरली म्हणाली. “शेपूट कापलेला घोडा बाजारात नेलास, तर लोक नाकं मुरडणारच. निदान चार ओळी तरी लिही, शेवट माझ्यापाशी आहे म्हणून.”

“म्हणजे मागतील.”

“अगं बये, मागावा म्हणूनच पाठवतेस ना?”

धाकटीनं पुढची चादर उचलली. चादर झटकल्याचा आवाज तेवढा मोठा झाला. आणि मी फळीवर पाझरत बसले.

शेवटी एका प्रकाशकबाईंचा फोन आला. धाकटीचे हात ओले होते, म्हणून थोरलीनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. सगळ्या लॉन्ड्रीनं कान टवकारले.

“मुलगी शेवटच्या दाराशी उभी आहे,” बाई म्हणाल्या. “आत कोण आहे ते मला कळल्याशिवाय चैन पडेना. शेवट लिहिलाय ना तुम्ही?”

“लिहिलाय,” धाकटी पुटपुटली. “पण… माझं एकदा चोरीला गेलंय.”

“मग भीती वाटणारच. असं करा. सगळ्या पानांच्या दोन प्रती काढा, प्रत्येक पानावर सही आणि तारीख घाला, एक घरी ठेवा. मी पोच लिहून देते, करार झाल्याशिवाय एक ओळ छापायची नाही. पण सोमवारी शेवट माझ्या हातात हवा. यंदाच्या यादीत एकच जागा आहे, तुमचा नाही आला तर दुसरं पुस्तक लावावं लागेल.”

इतकं सोपं होतं ते! सही, तारीख, दोन प्रती. हे आधी कुणी सांगितलं असतं, तर मी आजही टेबलाखालीच पडून असते, पण सुखात असते.

धाकटीनं हात पुसले, किल्ली काढली, मला उघडलं. अभ्रे उलगडले. आत पानं नव्हती, एक वीट होती. निळी, फुगलेली, एकमेकांना चिकटलेली. शाई पानापानांतून ढगासारखी पसरली होती.

“थांब, इस्त्री आणते!” थोरली धावली. “मंद आचेवर फिरवली तर सुटतील.”

“हात लावू नका!” धाकटी किंचाळली. तिनं वरचं पान सोडवायला घेतलं, तर त्याचा कोपरा शेवाळासारखा बोटाला चिकटून आला. मग तिनं माझ्याकडं बघितलं. “या मेल्या पेटीनं घात केला!”

मित्रांनो, मी काय बोलणार? शिव्या खाणं हेही पेटीचंच काम. पण तुम्हाला हात जोडून सांगते, हात असते तर जोडले असते. जे लिहाल ते जपा, जरूर जपा. जगात भांडारबाबू पुष्कळ आहेत. नाव घाला, तारीख घाला, दोन ठिकाणी ठेवा. पण आधी त्याला वारा लागू द्या. ज्यानं तुमची सगळी गोष्ट उभ्यानं ऐकली, त्याला शेवटही ऐकवा. त्याच्या कानात पडलेला शब्द माझ्या पोटातल्या कागदापेक्षा जास्त टिकतो. मला पेटी असून हे सांगावं लागतंय, यातच माझी किती चिडचिड झाली असेल ते समजा.

त्या दुपारी रोलर बंद होता. मुली जेवायला गेल्या होत्या. टेबलापाशी दोघीच, आणि मधे मी, तोंड वासून.

“आठवतंय का तुला?” थोरलीनं विचारलं.

“शब्द न् शब्द.”

“मग सांग. मी लिहून घेते. माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, पण सोमवारपर्यंत चालेल. तू नंतर उतरवून काढ.”

“तुमच्यासमोर नाही सांगता येणार.”

थोरलीच्या हातातलं पेन खाली आलं. मी तिला इतकी वर्षं बघत होते, पण तिचा आवाज असा खाली गेलेला कधी ऐकला नव्हता. “माझ्यासमोर नाही? भांडारबाबूच्या रांगेत बसवलंस होय मला? पहिल्या ओळीपासून ऐकतेय मी. कधी वाहवा केली नाही, हे खरं. पण एकदा तरी ऐकायची राहिले का गं?”

“तसं नाही, ताई.”

“मग कसं?”

धाकटीनं त्या निळ्या विटेवरून बोट फिरवलं. नंतर मान खाली घालूनच तिनं सुरुवात केली.

“शेवटचं दार उघडलं. आत एक बाई होती. तिची जीभ अशी, की दूध नासावं. मुलगी काही बोलायच्या आतच ती ओरडली, ‘केवढी मळवलीस गं चादर! आणि ही काय धरायची रीत झाली?’ मुलगी घाबरून मागं सरली. तर चादर ताणली गेली. बघते तो त्या बाईनं दुसरं टोक कधीच हातात घेतलं होतं. घडी पुरी होईपर्यंत ती रागावतच राहिली. मुलीनं विचारलं, ‘उद्या पुन्हा येऊ का?’ बाई म्हणाली, ‘उद्याचं उद्या. आधी जेव.’”

थोरली लिहिता लिहिता थांबली. “एवढी तोंडाळ बाई? कुणी वाचेल का असला शेवट? कुठं भेटली तुला ही?”

“तुमच्याच घरात,” धाकटी म्हणाली. “आई गेल्यावर दोन महिन्यांत माझं लग्न झालं, ताई. त्या घरात मी पहिल्यांदा पोटभर जेवले ते तुम्ही रागावलात म्हणून. मला चोरीची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती, की तुम्ही ऐकाल आणि हसाल. ती बाई तुम्ही आहात.”