रविवारी भरून ठेवलेले सात चेहरे

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. तोंड फुटलेला, एका कानाने बहिरा आणि कितीही पुसला तरी माशांचा वास न जाणारा. हल्ली मी दुकानाच्या खिडकीत, फुलझाडाच्या कुंडीशेजारी पडून असतो. मला कोणी काही विचारत नाही. पण माझ्या हातून एक अपराध घडला आहे आणि त्याच अपराधाने एक जीव वाचवला आहे. तो कसा, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला काहीच आठवत नाही. मला आठवते ते हॉलंडमधल्या मोठ्या तळ्याकाठचे आफकेचे दुकान. दुकानाच्या मागे धुरीघर होते. तिथे वाम माशांना धुरी देत. वाम हा सापासारखा लांब आणि बुळबुळीत मासा, आणि तो सुखाने मरत नाही. त्याला जिवंतच मिठाच्या बादलीत टाकतात. तो तडफडतो, बादली थडथडते आणि मीठ चहूकडे उडते. मग त्याला डोक्यातून लोखंडी सळईत ओवून ओकच्या धुरात टांगतात. आफकेच्या वडिलांनी जन्मभर हेच केले आणि त्यांच्यामागे तिनेही तेच केले. पहिल्याच दिवशी मिठाचे खडे माझ्या तोंडावर आदळले, तेव्हा मी मनातून हादरलो होतो.

गावात नवे मोठे दुकान झाले आणि आफकेचे गिऱ्हाईक तुटू लागले. तेव्हा तिने माझ्यातून इंटरनेटवर दुकानाचे पान उघडले. रोज सकाळी साडेसहाला ती मला काउंटरवरच्या लाकडी ठोकळ्याला टेकवून उभे करायची आणि माझ्याकडे बघून बोलायची. पहिल्या दिवशी तिला आठ जणांनी पाहिले. त्यांतली दोन तिचीच चुलत भावंडे होती.

रोज बोलायचे तरी काय? वाम काल होती तशीच आज असते. पण आफके डोकेबाज होती. तिथल्या लोकांच्या घरी संडासाच्या दारामागे वाढदिवसांचे कॅलेंडर टांगलेले असते. तिथे बसल्या बसल्या सगळ्यांच्या तारखा पाठ होतात. आफकेने गिऱ्हाइकांच्या तारखा विचारून विचारून आपले कॅलेंडर भरले आणि रोज त्यातले नाव घेऊ लागली. वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन साऱ्या घराचे करायचे, अशी तिथली रीत. त्यामुळे एका नावामागे सगळे घर दुकानात यायचे. आज कोणाचे नाव निघते हे बघितल्याशिवाय गाव कॉफीला तोंड लावेनासे झाले. चार वर्षांत एकही सकाळ चुकली नाही.

तालुक्याच्या व्यापारी मंडळाने तिला भाषणाला बोलावले. "सातत्याचं रहस्य काय?" असे कोणीतरी विचारले. आफके म्हणाली, "कॅलेंडर संडासात टांगा. तिथं जायला कुणी विसरत नाही." सगळे सभागृह हसले. मी तिच्या खिशात होतो आणि मला फार अभिमान वाटला.

त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्याने, रीनने, जेवणाचे ताट तिच्या तोंडावर फोडले.

मित्रांनो, रीनबद्दल मला आधीच सांगायला हवे होते, पण जीभ रेटत नव्हती. तो पूर्वी तळ्यावर जाळी टाकायचा. मासेमारीवर बंदी आली, होडी गेली आणि त्याच्या हाताला काम उरले नाही. मग त्या हातांनी दुसरे काम शोधले. "गावाला रोज दात दाखवतेस," तो म्हणायचा. "मला कधी दाखवलेस तसे? त्या डबड्यात बघून लाडं लाडं बोलतेस." एकदा त्याने मला उचलून भिंतीवर आपटले. माझ्या काचेला तडा गेला आणि माझा एक कान कायमचा बंद झाला. दुसऱ्याच दिवशी त्याने आफकेच्या कानशिलात अशी लगावली, की तिचाही डावा कान गेला. तेव्हापासून आम्ही दोघे उजव्या बाजूनेच ऐकत आलो.

सुजलेल्या तोंडाने व्हिडिओ कसा करायचा? आणि एक सकाळ चुकली तर सगळे गाव विचारणार. आफकेला मारापेक्षा त्या विचारण्याची भीती जास्त होती. तिने एक युक्ती शोधली. रविवारी सकाळी रीन झोपलेला असे. आठवड्याचा मार तोवर जरा उतरलेला असे. उरलेल्या डागांवर ती पावडर चोपडायची, सात एप्रन बदलायची आणि सात सकाळी एका दमात माझ्यात भरून ठेवायची. रोज साडेसहाला मी त्यांतली एक बाहेर सोडायचो. मंगळवारी तिची बरगडी मोडली होती, तरी गावाने तिला हसताना पाहिले. शुक्रवारी तिचा ओठ फाटला होता, तरीही पाहिले. हा माझा अपराध आहे. मी तिचा चेहरा होतो आणि मी रोज खोटे बोललो.

फक्त सित्स्केमावशींना थोडा संशय आला होता. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहत. त्यांचे यजमान डाउवकाका रोज सकाळी बरोबर साडेसहाला टॅबलेटच्या पाटीवर आफकेला बघत आणि व्हिडिओखाली पसंतीचा एक अंगठा उमटवत.

"काय गं," मावशी एकदा काउंटरवर टेकून म्हणाल्या, "सकाळी निळा एप्रन होता, आता करडा. तासाभरात कपडे बदलतेस होय? आणि हा गाल?"

"निळ्याला धूर लागला, मावशी. आणि दाढ दुखतेय."

"दाढ. माझ्या दाढा सगळ्या पडल्या बाई, पण एकीनंही डोळा काळा केला नाही माझा."

आफके हसली आणि वाम कागदात गुंडाळू लागली. मावशीही मग वाम घेऊन निघून गेल्या. कोणाच्या घरात नाक खुपसायचे नाही, असे तिथले वळण आहे. मला त्या वळणाचा फार राग येतो.

त्या शेवटच्या रविवारी आफकेने गुरुवारची सकाळ भरली. गुरुवारी डाउवकाकांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. वाढदिवसाच्या आधी अभिनंदन करणे हे त्या लोकांत मोठे अशुभ. आफकेने बोलणे संपवले आणि काउंटरच्या खालच्या, रंग न दिलेल्या फळीवर बोटाने तीनदा टकटक केले. दोष जावा म्हणून असे करतात.

दोष काही गेला नाही. मंगळवारी रात्री डाउवकाका झोपेतच वारले.

बुधवारी दुपारी आफके त्यांच्या घरी जाऊन आली. काकांना समोरच्या खोलीत निजवले होते आणि मावशी ओल्या फडक्याने त्यांचा चेहरा पुसत होत्या. आफके परतली ती निराळीच होऊन. पाच वाजता तिने दुकान बंद केले आणि मला हातात घेतले. गुरुवारची पोस्ट काढून टाकायची होती. तिने ती उघडली. तिचे बोट 'काढून टाका'वर टेकणार, तोच मागच्या दाराने रीन आला.

"जेवायला काय आहे?"

आफकेने मान वर केली नाही. "रीन, त्या मावशी पंचावन्न वर्षं संसार करून आज त्या माणसाचं तोंड पुसतायत. तू मेलास तर मी तुझं तोंड बघायलाही येणार नाही. आज निघ इथून. कपडे बांधून ठेवलेत."

रीनने वाम ओवायची सळई उचलली.

पहिला फटका तिच्या हातावर बसला आणि मी उडालो. दुसरा खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी एका कानाने ऐकला आणि तेवढे पुरेसे होते. तिने मिठाची बादली त्याच्यावर ढकलली, तर त्याने तिला केसांना धरून फरशीवर आपटले. एकदा आपटले, परत आपटले. जिवंत वामीला तो जसा आपटायचा, अगदी तसे. मग त्याने तिला फरफटत मासे गार ठेवायच्या शीतघरात नेले, बाहेरून अडसर घातला आणि येताना मला बुटाच्या टाचेखाली चिरडले. माझे तोंड फुटले ते तेव्हा, पण आतले काम चालू राहिले. तो जिनची बाटली घेऊन धुरीघरात गेला.

मी जमिनीवर पालथा पडलो होतो. आतून ती दारावर ठोकत होती. आधी मुठीने, मग माशांच्या खोक्याने. "कुणी आहे का?" भिंती जाड होत्या. मी होतो, पण मी काय करणार? रात्रभर ठोकण्यातले अंतर वाढत गेले. पहाटे तर मी एकेक ठोका मोजत होतो आणि पुढच्याची वाट पाहत होतो.

साडेसहा वाजले. मला सांगितलेले काम मी केले.

पिवळ्या एप्रनमधली आफके गावभर हसली. "आज डाउवकाकांना पंचाहत्तर पूर्ण झाली. काका, भरपूर जगा. घरच्या सगळ्यांचं अभिनंदन. खरपूस शेपट्या तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवल्यात, न्यायला या."

मग माझ्यावर मार सुरू झाला. टिंग. "लाज नाही वाटत?" टिंग. "काल त्यांच्याच घरी रडून आलीस ना?" टिंग. "मासे खपवायला मढंसुद्धा सोडत नाही ही बाई." टिंग. "आजपासून तुझ्याकडची एक शेपटी घेणार नाही." तासाभरात एकशे बारा जणांनी लिहिले. दुकान ओलांडून जाणारेही चालता चालता लिहीत होते. आत एक बाई मरत होती आणि बाहेर तिची अब्रू घेणे चालले होते. प्रत्येक टिंगसरशी मला वाटे, हा तरी दार वाजवेल. कोणीच वाजवले नाही.

सित्स्केमावशी स्वतः कधी आफकेला लावून बघत नसत; काकांच्या खांद्यावरून दिसेल तेवढेच. पण त्या दिवशी काकांच्या उशाशी बसल्या असताना साडेसहा झाले आणि केवळ सवयीने त्यांनी काकांची पाटी सुरू केली. समोर नवरा गार पडलेला आणि आफके म्हणतेय, भरपूर जगा. पुढचे मी माझ्या कानाने ऐकले.

साडेसातच्या सुमाराला दुकानाचे दार हादरले. "आफके, उघड. उघड म्हणते ना, भवाने. तुझं थोबाड फोडायला आलेय मी. लिहून नाही, हातानं."

दार उघडले नाही. मावशींनी काकांची काठी फिरवली आणि दाराची काच खळ्ळकन खाली आली. त्या आत शिरल्या. त्यांच्या मनगटातून रक्त गळत होते आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. मग त्या थांबल्या. फरशीवर मीठ सांडले होते. मिठावर वाळलेले रक्त होते, केसांचा झुबका होता. मी होतो.

आतून एक ठोका आला.

मावशींनी अडसर ओढला. आफके त्यांच्या अंगावरच कोसळली. ती निळी पडली होती, तिचे डोळे मिटत होते. ज्या हाताने मारायला आल्या होत्या, तोच हात मावशींनी उगारला आणि फाडकन तिच्या गालावर दिली. मग दुसऱ्या गालावर. "झोपू नको. ऐकतेस का? झोपलीस तर मारीन. डोळे उघड. आज एक मेलाय, मला दुसरं मढं नको." त्या मारत होत्या आणि रडत होत्या, आणि प्रत्येक थपडेला आफकेचे डोळे थोडे उघडत होते.

काचेच्या आवाजाने रीन उठला होता. तो सळई घेऊन दारात उभा राहिला. "म्हातारे, बाजूला हो. हे आमच्या घरातलं आहे."

"चार वर्षं हेच ऐकून गप्प बसले," मावशी म्हणाल्या. त्यांनी फरशीवरचे मीठ दोन्ही मुठींनी उचलले आणि त्याच्या डोळ्यांत फेकले. तो किंचाळून वाकला. मावशींनी काठी उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. तो आडवा झाला, तरी त्या थांबल्या नाहीत. शेजारचा पाववाला धावत आला, तेव्हा त्यालाच मावशींना आवरावे लागले.

रीन आता तुरुंगात आहे. आफकेचा खांदा वाकडाच जुळला. तिने नवा मोबाईल घेतला, पण त्यात उद्याची सकाळ कधी भरून ठेवत नाही. मन असेल त्या दिवशी बोलते. एकदा ओठावर टाके असतानाच बोलली. गिऱ्हाईक कमी झाले नाही. जेव्हा पोस्ट येत नाही, तेव्हा पावणेसातला मावशींची काठी दारावर वाजते. "जिवंत आहेस का गं?" "आहे, मावशी. झोपू द्या." "मग झोप." नवी काच त्या काठीने दोनदा तडकली आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, असे सांगून अशी गोष्ट संपवायची असते. मला ते मागायचे नाही. मला फेकून दिलेत तरी चालेल. पण रोज ठरल्या वेळी हसणारा एखादा चेहरा तुमच्या ओळखीचा असेल, तर कधीतरी त्याच्या दारापर्यंत चालत जा. चिडून गेलात तरी हरकत नाही. त्या सकाळी माझ्यावर एकशे बारा जणांनी लिहिले. दार फोडायला एकटी मावशी आली, आणि तीसुद्धा भांडायला.