ज्ञानेश्वरीचा नवस

आमच्या ज्ञानेश्वरीच्या उपवासांचं अख्ख्या गल्लीला कौतुक होतं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. लोकांची एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. हिची म्हणजे एक खजूर आणि तांब्याभर पाणी. शेजारच्या वच्छलाबाई आपल्या सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "कालिजातली पोर, पर देवाधर्माचं कसं पाळती बघा!" मी मात्र चिडायचे. मला रिकामं ताट बघवत नाही. पण उपवासाला नको म्हणायची आपल्यात कुणाची छाती आहे?

ज्ञानेश्वरी माझ्या भावाची, मल्हारीची मुलगी. मल्हारी पाचोडकडचा मेंढपाळ. पाऊस लागोपाठ दोन वर्षं रुसला, तसा तो मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी लांब नदीकाठाला गेला. पोरगी कॉलेजसाठी माझ्याकडं, चिकलठाण्याच्या पलीकडं नव्या प्लॉटिंगमध्ये. तिथं घरं आधी आली, पाणी यायचं राहिलं, सगळं टँकरवर. रस्ते मात्र रुंद आणि मोकळे. त्यांवर ज्ञानेश्वरी पहाटे पळायची. पळायची म्हणजे काय, पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटावं. विद्यापीठाकडून पाच हजार मीटर पळाली होती ती. मग कुणीतरी तिला सांगितलं, अंगानं हलकी झालीस तर आणखी जोरात पळशील. सांगणाऱ्याच्या जिभेला हाड नव्हतं, एवढंच म्हणते.

हलकी झाली. थोडे दिवस जोरातही पळाली. मग मंदावली, आणि एका पहाटे नडगी धरून रस्त्यातच बसली. हाडाला तडा गेला होता. वीस वर्षंही न झालेल्या पोरीच्या हाडाला! डॉक्टरीणबाईंनी पायाचं सोडून भलतंच विचारायला सुरुवात केली. पाळी कधीपासून बंद आहे? दिवसभरात खाते काय? मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा आजार आहे. हिला अन्नाची भीती बसलीय. पळणाऱ्या मुलींत असं होतं, आणि सगळे कौतुकच करत असतात म्हणून लक्षात येत नाही. तीन वेळा जेवण, समुपदेशन, आणि अंग भरेपर्यंत पळणं बंद. नाहीतर हृदयावर ताण येऊन जिवावर बेतेल."

घरी येऊन मी ताट वाढलं. ज्ञानेश्वरी म्हणाली, "आत्या, माझा खंडोबाला नवस हाय. पाय बरा होऊस्तर एक टाइम फळच खायाचं."

झालं! नवसापुढं डॉक्टर काय करणार आणि मी तरी काय करणार? समुपदेशनाच्या बाईंसमोर ती सगळ्याला मान हलवायची आणि घरी आली की देवाच्या आड जाऊन बसायची. ही पोर माझ्या डोळ्यांदेखत जाणार, असं मला दिसायला लागलं. शेवटी मी मल्हारीला फोन लावला आणि त्याच्यावरच ओरडले, "तू मेंढरं राख तिकडं, पोरगी हातची चालली!"

मल्हारी चंपाषष्ठीला आला. त्या दिवशी आमच्यात तळी भरतात. ताम्हणात विड्याची पानं, खोबरं आणि हळदीचा भंडारा ठेवून सगळ्यांनी मिळून ते उचलायचं, मग भरीत-रोडग्याचा नैवेद्य. मल्हारीनं आल्या आल्या पोरीचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. आमच्यात एकाचा नवस दुसऱ्याला अंगावर घेता येतो. बापानं तर घ्यावाच. त्यानं तेच ठरवलं. तळी उचलायच्या आधी तिच्या तळहातावर बेल आणि भंडारा ठेवला.

"काय बोललीस त्ये देवापुढं सांग, बाय. आजपासनं नवस माझा. मी उपाशी ऱ्हातो, तू जेव."

आता बेलभंडारा हातात घेऊन आमच्यात कुणी खोटं बोलत नाही. कोर्टात बोलतील, बायकोशी बोलतील, भंडाऱ्यावर नाही. ज्ञानेश्वरीनं मूठ वळली. बोटांतून पिवळा भंडारा सांडला.

"आबा, नवस नाय," ती म्हणाली. "कवाच नव्हता. सोमवारबी नाय अन् चतुर्थीबी नाय. देवाचं नाव घेतलं की कुणी खा म्हणत नाय, म्हणून. मला भाकरीचं भ्या वाटतं, आबा. लई भ्या वाटतं."

मला वाटलं, मल्हारी आता घर डोक्यावर घेणार. देवाच्या नावानं लबाडी, आमच्या घरात! तो तिच्यासमोर खाली बसला.

"भ्या वाटतं, व्हय," तो म्हणाला. "मग भीत भीत खा. मी हाय हितं."

तळी उचलली. मी ताट वाढलं: रोडगा, चातुर्मासानंतरचं पहिलं वांग्याचं भरीत, पातीचा कांदा. वच्छलाबाई दारातून डोकावल्या, तर मी त्यांच्या तोंडावर दार लावलं.

ज्ञानेश्वरीनं तुकडा मोडला. ठेवला. परत उचलला. बाहेर गारठा होता आणि हिच्या कपाळावर घाम. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. मी तिला शर्यतीच्या शेवटच्या फेरीत बघितलंय, मागची मुलगी खांद्याशी आलेली असताना. ते याच्यापुढं काहीच नव्हतं. तिथं निदान लोक टाळ्या वाजवतात. जेवणाऱ्या माणसाकडं बघून अंगावर काटा आला तो आयुष्यात तेवढाच. देव्हारा माझ्या पाठीमागं होता, आणि माझे हात आपोआप जोडले गेले ते या पोरीकडं. लांडग्यामागं काठी घेऊन धावणारा मल्हारी गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, आणि तिच्या प्रत्येक घासाबरोबर त्याचंही तोंड हलत होतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेवढं तिनं संपवलं. तोंड पुसलं. भीती गेली नव्हती. डोळ्यांत होती तशीच होती.

"आत्या, सांजच्याला काय हाय?"

"दूध-भाकरी," मी म्हणाले.

तिनं डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

"मी नको म्हणीन," ती म्हणाली. "आत्ताच सांगून ठिवते. रडीन, वाट्टेल त्ये बोलीन. तरीबी ताट उचलू नका."